अग्रणीकाठची जुनी लाईन : दीड किलोमीटर भरावाचं प्रकरण

मिरज–पंढरपूर रेल्वेमार्गावर, कवठेमहांकाळ तालुक्यात, अग्रणी नदीच्या काठी एक छोटं गाव आहे. या प्रकरणातल्या माणसांचे बांध एकमेकांना लागून आहेत आणि त्यांना उद्याही एकत्र नांदायचं आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांवरची छोटी गाडी याच गावाजवळून नदी ओलांडायची. ब्रॉडगेज करताना नव्या लाईनीने नदीकाठचं वळण सोडलं आणि सरळ रेघ धरली. जुना भराव, दोन दगडी मोऱ्या आणि पात्रातले खांब मागे राहिले. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, माथ्याची रुंदी एक बैलगाडी आरामात जाईल एवढी. या पट्टीचं करायचं काय, यावरून गावात वाद झाला. तो कसा पेटला, कसा निवळला आणि कुठे अजून अडला आहे, ते इथे मांडतो. अग्रणीच्या पाणी-कामात हातभार लावायला मी या भागात येत-जात असतो, त्यामुळे बैठकांना बसता आलं आणि दोन्ही बाजूंचं ऐकता आलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा जुन्या लाईनीची किंमत तिच्या सलगपणात असते. मध्ये एक खड्डा पडला, एकाने कुंपण घातलं, एक मोरी ढासळली, की उरतात ते मातीचे ढिगारे. ते कुणाच्याच कामाचे नसतात.

छोटी गाडी इथवर आली कशी

बार्शी लाईट रेल्वे ही लंडनमध्ये १८९५ साली नोंदवलेली कंपनी. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंजिनिअर. १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपुराहून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरजेला येऊन टेकली. एकूण सुमारे ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. तरी माणसांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘बार्शी लाईट’च राहिली.

रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच. पण कॅल्थ्रॉपची खरी हुशारी अरुंद रुळांपेक्षा वजनाच्या हिशोबात होती. इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की हलका रूळ चालतो. बार्शीच्या पहिल्या टप्प्यात त्याने यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ वापरला. आज ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोचा रूळ लागतो. रूळ हलका, म्हणून पूल हलका, भराव बारका, आणि एकूण खर्च त्या कोरड्या मुलखाला झेपेल एवढा. अरुंद गाडी तीव्र वळणही घेऊ शकते. त्यामुळे टेकाड फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, आणि जिथे काठ पक्का असेल तिथे जाऊन नदी ओलांडता येते. आपल्या गावाजवळचं वळण नेमकं याच कारणाने पडलेलं आहे. खाली काळ्या मातीचा मऊ काठ होता. लाईन वर सरकली आणि जिथे पात्रात उघडा काळा पाषाण दिसतो तिथे पलीकडे गेली.

मिरज स्टेशनात तेव्हा तीन मापांच्या गाड्या एकत्र दिसायच्या. पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं १९७१ मध्ये, लोंढ्याकडची मीटरगेज आणखी बरीच वर्षं टिकली, आणि पलीकडच्या फलाटावर पंढरपूरची नॅरोगेज उभी असायची. आषाढी-कार्तिकीला तिच्यात पाय ठेवायला जागा नसे. मालडबेसुद्धा माणसांनी भरत. वारकऱ्यांच्या दृष्टीने तिचा संथपणा ही अडचण नव्हतीच. चालत जाणाऱ्याला ती पळतच वाटणार.

२०१०च्या सुमारास मिरज–पंढरपूर ब्रॉडगेज झालं आणि नॅरोगेजचा काळ संपला. याच नव्या लाईनीवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. अग्रणीकाठची गावंही त्या उन्हाळ्यात होरपळत होती, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून ती गाडी पूर्वेला गेली. त्याबद्दल इथे कुणाला तक्रार करताना मी ऐकलं नाही. लातूरची तहान काय असते हे या तालुक्याला समजावून सांगावं लागत नाही.

नदी आणि भराव

अग्रणी खानापूर तालुक्यात उगम पावते, तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतून वाहते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. नकाशावर ठळक निळी रेघ, प्रत्यक्षात कित्येक वर्षं ती पावसाळ्यापुरतीच नदी होती. पात्रात वेडी बाभूळ माजलेली, वाळू उपसलेली, काठ आत सरकलेले. गेल्या दशकात लोकसहभागातून पात्र रुंद आणि खोल करणं, बंधारे घालणं ही कामं झाली. जलपुरुष राजेंद्र सिंह यांचं मार्गदर्शन त्याला लाभलं. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं उचललेलं पाणीही या भागात येतं. आता काही डोहांत मार्चपर्यंत पाणी दिसतं.

भरावावर उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत येतं. मिरजेकडून येताना डाव्या हाताला लांबवर दंडोबाचा डोंगर, समोर द्राक्षबागांचे मांडव, त्यामागे माळ. पावसाळ्यानंतर भरावाच्या दोन्ही कडांना तरवड पिवळाधमक फुलतो. खाली नदीकडे करंज आणि उंबर, वर बोरी आणि हिवर. डोहावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. मला सगळ्यात मोलाची वाटते ती भरावाची दक्षिणेकडची उभी कड. तिथे मुरूम घट्ट आहे, गवत धरत नाही, आणि वेड्या राघूंनी त्यात बिळं केली आहेत. फेब्रुवारीपासून पुढे त्यांची ये-जा सुरू होते. बीळ जेमतेम मूठभर रुंदीचं, तोंडाशी ताज्या मुरमाचा लाल चुरा सांडलेला. पक्षी तारेवरून सूर मारतो, चोचीत माशी किंवा चतुर धरून परत येतो, क्षणभर तारेवर आपटतो आणि बिळात शिरतो. शंभर वर्षांपूर्वी गाडीसाठी टाकलेली माती आज या पाखरांच्या विणीची जागा झाली आहे.

कुणाला काय हवं होतं

वादाला तोंड फुटलं ते मुरमावरून. कुणीतरी रात्रीत जेसीबी लावून भरावाच्या एका टोकाचा मुरूम उचलला. मग मोरीच्या कठड्याचे घडीव दगडही नाहीसे झाले. गावात कुजबुज सुरू झाली, आणि जो तो आपली मागणी घेऊन पुढे आला.

वरच्या शिवारातल्या द्राक्षवाल्यांना रस्ता हवा होता. त्यांची अडचण खरी होती. काढणीच्या वेळी क्रेट भरलेली पिकअप बागेपर्यंत न्यावी लागते आणि अवकाळीचा एक सडाका आला तरी काळ्या रानात चाक रुततं. भरावाचा माथा आयता उंच, आयता सपाट. त्यावर खडी-मुरूम टाकला की काम झालं, असं त्यांचं साधं गणित होतं.

गावातल्या पाच-सात पोरांना तिथे चालण्याची वाट करायची होती. त्यातला एक सांगलीला इंजिनिअरिंग शिकतो. ‘बार्शी लाईट’ हे नाव त्याने आजोबांकडून ऐकलेलं. त्या लाईनीचा आराखडा करणारा माणूस जगभर ओळखला जातो, हे त्याला कॉलेजात गेल्यावर कळलं. पोरांच्या डोक्यात पर्यटन, हुरडा पार्टी, तंबू असं बरंच काही होतं.

तिसरे धनगर. त्यांनी काही मागितलं नाही, बैठकीला बोलावल्यावर तेवढं सांगितलं, “हिच्यावरनं मेंढरं नेली की कुणाच्या पिकात शिरत न्हाईत. भांडान न्हाई, तंटा न्हाई.” दिवाळीनंतर माळाकडे जाताना आणि परतताना ते हीच वाट धरतात. दोन्ही बाजूंना बागा वाढत गेल्या तशी त्यांना दुसरी वाटच उरलेली नाही.

आणि चौथे तात्या. त्यांचं बेदाण्याचं शेड भरावापासून हाकेच्या अंतरावर. गावाला वाटत होतं की तात्यांचा सगळ्यालाच विरोध आहे, आणि तात्यांच्या रागीट स्वभावामुळे कुणी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. एका बैठकीत पोरांनी वाटेचा विषय काढला तसे ते उसळले.

“तुमी येणार फिरायला थंडीत. माझा बेदाणा फेब्रुवारी-मार्चात जाळीवर असतोय. गाड्या सुरू झाल्या आन् धुरळा बसला, तर भाव कोण देणार? तू?”

“तात्या, आमी गाड्या येऊच द्यायच्या न्हाईत म्हणतोय,” तो इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला. “नुसती पायवाट. फार तर सायकल.”

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आधी का सांगितलं न्हाईस?”

तात्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं. बेदाण्याची द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरतात. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र खेळता हवा, म्हणून शेडच्या बाजू उघड्या किंवा हिरव्या नेटच्या. बारा-पंधरा दिवस माल तसाच असतो आणि या काळात तो चिकट असतो. शेजारून मुरमाच्या रस्त्यावर गाडी गेली की उडालेली धूळ त्यावर जी बसते, ती नंतर मशिनवर धुतली तरी सुरकुत्यांमधून पुरती निघत नाही. हिरव्या, स्वच्छ मालाला आणि काळपट मालाला मिळणाऱ्या भावातलं अंतर सांगली-तासगावच्या सौद्यात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणजे द्राक्षवाल्यांची रस्त्याची गरज आणि तात्यांची धुळीची भीती एकाच हंगामात, एकाच महिन्यात समोरासमोर येत होती. पोरांची वाट यात आडवी येतच नव्हती. ती तात्यांच्या फायद्याची होती.

या सगळ्यांच्या वर मालक रेल्वे. उताऱ्यावर जमीन रेल्वेच्या नावावर. रूळ उखडले म्हणून मालकी गावाकडे येत नाही, आणि रिकाम्या जमिनी उत्पन्नासाठी वापरण्याची रेल्वेची स्वतंत्र यंत्रणाही आहे. ‘पडीक आहे, कुणाची न्हाई’ हा समज मुरूम उपसणाऱ्यांच्या सोयीचा होता.

दुसऱ्या नदीकाठचा दाखला

पोरांनी बैठकीत एक दाखला दिला आणि तो इतका चपखल निघाला की त्याने चर्चेचा रोख बदलला. याच कॅल्थ्रॉपने बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडात, स्टॅफर्डशायरमध्ये, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अडीच फुटी लाईन बांधली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. लांबी सुमारे १३ किलोमीटर, वाटेत लहान-लहान गावं, मुख्य माल शेतकऱ्यांचं दूध. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, बार्शीची सुरुवातीची इंजिनं घडवणारी तीच. दोनपैकी एका इंजिनाला कॅल्थ्रॉपचंच नाव होतं. तिथली नदीही चुनखडीच्या प्रदेशातली, उन्हाळ्यात पाणी जमिनीखाली गडप होतं आणि पात्र कोरडं पडतं. ‘म्हंजे अग्रणीच की,’ असं कुणीतरी मागून म्हटलं आणि सगळे हसले.

ती लाईन १९३४ मध्ये बंद झाली. मोटारी आणि दुधाच्या लॉऱ्यांपुढे ती टिकली नाही. पण रेल्वे कंपनीने लाईनीची पट्टी तिथल्या जिल्हा कौन्सिलला देऊन टाकली आणि १९३७ मध्ये तिची चालण्याची वाट झाली. आजही लोक तिच्यावरून चालतात, सायकली नेतात. मला यातली बारकी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका मालकाने सगळी पट्टी एकाच सार्वजनिक संस्थेला, रूळ निघाल्यावर लगोलग दिली. मध्ये तुकडे पडायला वेळच मिळाला नाही. आपल्याकडे मालक एकच आहे, ही जमेची बाजू. वेळ मात्र वाहून चालला आहे. अशा पट्टीवर चढ जवळजवळ कळत नाही, कारण इंजिनाला झेपेल असाच उतार तिला दिलेला असतो. गुडघे दुखणारी म्हातारी माणसंही त्यावर चालू शकतात. नवीन वाट करून असा उतार मिळवायचा म्हटलं तर गावाला ते कधी परवडणार नाही.

पर्यटनाबद्दल मी पोरांना स्पष्ट सांगितलं की त्याची आशा धरू नका. लोक पंढरीला जातात, दंडोबाला जातात, दीड किलोमीटरच्या भरावासाठी मुद्दाम कुणी येणार नाही. वाट गावासाठी करा. शाळा जुन्या स्टेशनच्या बाजूला आहे आणि वस्तीवरची मुलं आज डांबरी रस्त्याच्या कडेने, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून चालत येतात. त्यांना भरावावरून आणलं तर तेवढंही पुष्कळ झालं. एक-दोघांचे चेहरे पडले, पण हे त्यांनी मानलं.

ग्रामसभेत ठरलं ते

द्राक्षवाल्यांना नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नव्हतं. त्यांना रस्ता मिळाल्याशिवाय भरावावरचा डोळा हटला नसता. तोडगा एका म्हाताऱ्या कोतवालाच्या आठवणीतून आला. ओढ्याकडेने जुनी पाणंद होती, गाडीवाटच ती. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी थोडी-थोडी आत ओढून तिची पायवाट करून टाकली होती. गाव नकाशात ती स्पष्ट दिसत होती. भूमी अभिलेखकडून मोजणी आणायची, अतिक्रमण मोकळं करायचं आणि मातोश्री पाणंद रस्ते योजनेत प्रस्ताव द्यायचा, असं ठरलं. हे बोलायला सोपं आहे. पाणंदीत सर्वाधिक आत आलेले तिघेही रस्ता मागणाऱ्यांतलेच निघाले. त्यांनी आधी खळखळ केली, मग मोजणीच्या दिवशी खुणेचे दगड रोवताना स्वतः उभे राहिले. पाणंद तात्यांच्या शेडपासून लांबून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाते. हे सगळ्यात मोठं यश.

भरावासाठी ग्रामसभेने तीन गोष्टींचा ठराव केला. मुरूम आणि दगड कुणी उचलायचा नाही. दोन्ही तोंडांना, मेंढरं आणि सायकल जाईल पण चारचाकी जाणार नाही एवढ्या अंतरावर दगडी खांब उभे करायचे. आणि वेडी बाभूळ काढायची, बाकी झाडाला हात लावायचा नाही. दक्षिणेकडच्या कडेला फेब्रुवारी ते जून कुदळ लावायची नाही, ही ओळ पोरांनी आग्रहाने घालून घेतली. रेल्वेकडे जमीन मागायची नाही, फक्त पायवाट म्हणून वापराची आणि देखभालीची परवानगी मागायची, हे शहाणपण सरपंचबाईंचं. “जमीन मागितली की फाईल वर जातीया,” त्या म्हणाल्या, “आन् वर गेलेली फाईल आपल्याला परत दिसत न्हाई.”

बाभूळ काढायला सगळं गाव आलं नाही, पण बऱ्यापैकी माणसं आली. मधोमध एकाने पाइपलाइनसाठी भराव आडवा कापला होता. त्याने पाइप खाली ठेवून चर स्वखर्चाने बुजवून दिला. पहिल्यांदाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली न उतरता चालता आलं. धनगरांचा कळप त्या हंगामात वरूनच गेला.

अजून काय अडलं आहे

परवानगीचा अर्ज संबंधित कार्यालयात पडून आहे. जागेची पाहणी झाली, नकाशा मागवला, दिला, त्यापुढे हललेलं नाही. तोवर खांब उभे करता येत नाहीत, म्हणून तोंडाशी सध्या दोन मोठे धोंडे लोटून ठेवले आहेत.

नदीतल्या खांबांना धोका दिसत नाही. ते पाषाणावर बसलेले आहेत आणि घडीव दगडाचे थर अजून ओळीत आहेत. काळजी आहे ती गावाकडच्या मोरीची. तिच्या कमानीत पिंपळ रुजला आहे. मी खाली वाकून पाहिलं तेव्हा मुळाने मधल्या चावीच्या दगडाशेजारचा सांधा बोटभर उघडलेला होता आणि आतला चुना हाताला भुगा होऊन आला. गावातल्या गवंड्याने सिमेंट भरून देतो म्हटलं. त्याला थांबवलं, कारण चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि शेजारचे दगड सुटायला लागतात. मिरजेत चुन्याचं काम जाणणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी येऊन पाहिलं. पिंपळ नुसता वरून तोडून उपयोग नाही, मूळ सोडवून काढावं लागेल, खालून लाकडी साचा देऊन दोन दगड उतरवून पुन्हा बसवावे लागतील, आणि हे मृगाच्या आधी व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

जागा रेल्वेची, त्यामुळे ग्रामपंचायतीचा निधी तिथे लावायला ग्रामसेवक तयार नाहीत, आणि नियमाने पाहता त्यांची बाजू चुकीची म्हणता येणार नाही. वर्गणी गोळा होते आहे. तात्यांनी साच्यासाठी लाकूड देऊ केलं आहे, द्राक्षवाल्यांनी चुना आणि वाळूची गाडी. मोरीला हात लावण्यापुरती तरी लेखी संमती पावसाआधी मिळावी, असं दुसरं पत्र सरपंचबाईंनी गेल्या आठवड्यात रवाना केलं. सोबत मिस्त्रींनी काढलेलं कमानीचं रेखाटन आणि उघड्या सांध्याचे फोटो जोडले आहेत.